इंदूरला माल उतरवताना भाव पाडायचा का?

रामबागकर

आमच्या वहिनींचा नाशिकला गोडा मसाल्याचा घरगुती धंदा आहे, चांगला चालतो. आता त्यांना इंदूरला माल द्यायचाय. इथला, इंदूरचा सप्लायर म्हणतो, "सुरुवातीला 90चं पाकीट 70ला काढा, गिऱ्हाईक लागलं की भाव वाढवा." यावरून घरात दोन तट पडलेत. माझं मत विचाराल तर हे मुळीच करू नये.

हिशेब बघा. 100 ग्रॅमचं पाकीट, एमआरपी 90. दुकानदाराचे 20 टक्के म्हणजे 18, सप्लायरचे 10 टक्के म्हणजे 9. हाती आले 63. खोबरं, धणे, तीळ, दगडफूल, भाजणं-दळणं, पाकीट आणि इंदूरपर्यंतचं भाडं धरून 45 जातात. सुटले 18. आता एमआरपी 70 करा. दोघांचं कमिशन जाऊन हाती 49, सुटले 4. आधीइतकेच पैसे सुटायला साडेचारपट पाकिटं खपायला हवीत. एवढा मसाला भाजणार कोण? वहिनी आणि दोन मदतनीस बायका!

शिवाय त्यात भाजलेलं खोबरं असतं. जास्तीचा माल पडून राहिला की खवट वास धरतो. आणि मनात बसतो तो पहिला भाव. 70ची सवय झालेल्या बाईला तेच पाकीट 90ला दिलं की तिच्या लेखी मसाला महागला. सवलत संपली असं कोणी म्हणत नाही.

सुदामानगरची मुक्ता

रामबागकर, आकडे बरोबर आहेत, पण गिऱ्हाईक कोण ते बघा ना. आपल्या मराठी घरांत गोडा मसाला एकतर घरीच होतो, नाहीतर पुण्याहून येतो. वहिनींना वाढायचं असेल तर मालवी, मारवाडी, सिंधी घरांत शिरावं लागेल, आणि तिथे हा मसाला कशात घालायचा हेच ठाऊक नाही. अनोळखी वस्तूवर 90 रुपये कोण घालवेल?

निरमा आठवा. 1969मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत सायकलवरून दारोदार पावडर विकायला सुरुवात केली, सर्फच्या साधारण पाव किमतीत. पुढे हिंदुस्तान लिव्हरला तिच्याशी टक्कर द्यायला व्हील आणावी लागली. जिओनं सप्टेंबर 2016पासून मार्च 2017पर्यंत डेटा फुकट वाटला. आधी घरात शिरायचं, पैसे मागाहून. ती तूट जाहिरातीचा खर्च म्हणून धरायची.

रामबागकर

मुक्ताताई, निरमाचा भाव सुरुवातीपुरता नव्हता हो. तो पुढेही कमीच राहिला, कारण पावडर बनायचीच स्वस्तात: हातानं मिसळलेली, मोठ्या यंत्रांचा खर्च नाही. जिओचं नेटवर्क उभं होतं, एक गिऱ्हाईक वाढलं म्हणून फारसा खर्च वाढत नव्हता, आणि मागे रिलायन्सची तिजोरी. वहिनींना दर पाकिटामागे 45 मोजावेच लागतात.

स्वस्ताईचा शिक्का बसला की निघत नाही, हेही आहे. नॅनो 2009मध्ये लाखाची गाडी म्हणून आली आणि लोकांच्या नजरेत तशीच राहिली. तिची सर्वांत स्वस्त अशी ओळख झाली ही चूक होती, हे पुढे रतन टाटांनीच बोलून दाखवलं.

सियागंजवाला

किराणा दुकानदार म्हणून सांगतो. नवीन माल मी जांगड ठेवतो, म्हणजे खपला तर पैसे, नाहीतर परत. तुम्ही 90चे 70 केलेत तर माझी सुटणूक 18वरून 14वर आली. मग शेजारचं महाग पाकीट मी आधी पुढे करणार, त्यात माझं घर चालतं. त्यापेक्षा 12वर 1 अशी स्कीम द्या. फुकटच्या पाकिटाचे 45 बारांत वाटले तर एकामागे पावणेचार पडतात. भाव पाडून तुमचे 14 जातायत.

आणि सहा महिन्यांनी काय होईल तेही सांगतो. 70ची थोडी पाकिटं शिल्लक असतात आणि 90ची येतात. बाई दोन्ही हातांत धरून, छापील भावावर बोट ठेवून मला विचारते, "भैया, ये क्या है?" तिला उत्तर मला द्यायचं असतं, सप्लायरला नाही.

सुदामानगरची मुक्ता

जुन्या-नव्या छापील भावाचा मुद्दा पटला. पण स्कीम तुमच्या गल्ल्यात जाते, दादा. घरातल्या बाईला काय मिळालं? तिला एकदा करून बघायला कमी पैशांत मिळायला हवं. चिक शाम्पूचं 50 पैशांचं पाउच असंच घराघरांत गेलं. 20 ग्रॅमची पुडी काढा, 10 रुपयांना.

रामबागकर

पुडी काढायला माझी ना नाही, 20 रुपयांना. एका वेळच्या भरल्या वांग्यांना पुरते, आणि मोठ्या पाकिटाचा भाव जागचा हलत नाही. मागे हिंदीत भरवां बैंगनची कृती छापायची. इंदूरला शेव घेताना चिमूटभर हातावर ठेवतात, गिऱ्हाईक चव बघून घेतं. कोरडा मसाला तसा चाखता येत नाही, म्हणून त्याची भाजीच करून खाऊ घाला. नवरात्रात, दिवाळीच्या खरेदीत दुकानासमोर एक पातेलं ठेवा. 70च्या भावात जे पैसे बुडणार, त्यातले थोडे इथे लावा.

सुदामानगरची मुक्ता

पातेलं ठेवाच, पण 20 रुपये मला अजूनही जास्त वाटतात. 20 ग्रॅममध्ये माल 9 रुपयांचाच आहे. पहिल्या दिवाळीपर्यंत तरी 10 ठेवा.

सियागंजवाला

ताई, 9चा माल 10ला विकला तर त्यात मी आणि सप्लायर कुठे बसतो? 15 करा, मग माझ्याकडे लटकवायला जागा आहे.