मदत हवी आहे: व्हिज्युअलव्हीएममध्ये प्रत्येक सेवेसाठी वेगळा जेडीके नेमता येतो का?

नमस्कार मंडळी,

लिनक्सच्या एकाच मशीनवर जावाचे तीन जेडीके (जावा प्रोग्राम बनवण्याचे आणि चालवण्याचे संच) आहेत: आवृत्ती ८, १७ आणि २१. जुनी सेवा ८ वर चालते, बहुतेक बाकीच्या १७ वर आणि एक नवी २१ वर. 'जावा होम' (कुठला जेडीके वापरायचा हे सांगणारं सिस्टमचं सेटिंग) ८ कडे रोखलेलं असल्याने व्हिज्युअलव्हीएम, म्हणजे चालत्या जावा प्रोग्रामची तपासणी करणारं टूल, तेही ८ वरच उघडतं.

मला टूलच्या सेटिंग्जमध्ये तिन्ही रनटाइम (ज्यावर प्रोग्राम चालतो तो जावा) एकदाच नोंदवून ठेवायचे आहेत आणि ज्या सेवेला जो लागेल तो तिथून निवडायचा आहे. ऑप्शन्स पालथे घातले, तशी यादी सापडली नाही. शिवाय तीन गोष्टी खटकतात. ८ साठी कॅलिब्रेशन (टूलच्या स्वतःच्या खर्चाचं आधी घेतलेलं माप) केलेलं असूनही १७ च्या सेवेवर प्रोफायलर (कुठला कोड किती वेळ खातो ते मोजणारा भाग) लावला की ते पुन्हा मागतं. २१ वाल्या सेवेच्या कन्सोलवर, एजंट (टूलने सेवेत घातलेला छोटा जादा कोड) चालत्या प्रोसेसमध्ये चढवला गेल्याची सूचना येते. आणि १७ वरची एक सेवा डावीकडच्या यादीत उमटतच नाही, ती चालू आहे हे नक्की.

जेडीके नेमका कुठे बदलायचा?

प्रतिसाद १

यात दोन रनटाइम आहेत, ते आधी वेगळे करा. एक, ज्यावर व्हिज्युअलव्हीएम स्वतः चालतं. दुसरा, ज्यावर तुमची सेवा चालते. दुसरा टूलमधून निवडायचा नसतोच. सेवा ज्या जेव्हीएमवर (जावा कोड चालवणारं इंजिन) सुरू झाली ती झाली, टूल फक्त तिला जाऊन चिकटतं. काही विकतच्या प्रोफायलरांच्या सेटिंग्जमध्ये जेव्हीएमची यादी असते खरी, पण ती टूलनेच अ‍ॅप सुरू करायचं असेल तेव्हा कामाची.

पहिला मात्र बदलता येतो. इन्स्टॉलच्या 'ईटीसी' फोल्डरमध्ये व्हिज्युअलव्हीएमची कॉन्फ फाइल आहे. तिच्यात 'व्हिज्युअलव्हीएम_जेडीकेहोम' अशी ओळ हॅशने बंद केलेली असते. हॅश काढा, पाथ द्या. एकदाच हवं असेल तर सुरू करताना 'जेडीकेहोम' हा ऑप्शन द्या. 'जावा होम'ला हात लावू नका, त्यावर मशीनवरचं आणखी काय काय अवलंबून असेल सांगता येत नाही.

आणि हो, एक खिडकी उघडी असताना दुसऱ्या जेडीकेवर सुरू करायला गेलात तर पहिलीच पुढे येते आणि वाटतं की सेटिंग लागलंच नाही. आधीची बंद करा, नाहीतर 'युजरडिर' (टूल आपली सेटिंग्ज ठेवतं ते फोल्डर) वेगळी द्या.

प्रतिसाद २

कॅलिब्रेशनचं वागणं बरोबर आहे. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे प्रोफायलर मोजणीचा कोड सेवेत घुसवतो तेव्हा, प्रत्येक मेथडच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना थोडा जादा वेळ जातो. तो किती, हे आधी मोजून नंतर आकड्यांतून वजा करतात. हा खर्च जेव्हीएमनुसार बदलतो, म्हणून ८ चं माप १७ ला चालत नाही. मोजताना मशीन शांत ठेवा आणि सीपीयूची फ्रिक्वेन्सी आपोआप वरखाली होत असेल तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करा.

माझं मत विचाराल तर आधी सॅम्पलर लावा, तो फक्त ठरावीक अंतराने थ्रेड काय करताहेत ते बघतो. त्याला कॅलिब्रेशन लागत नाही आणि सेवेवर भारही कमी पडतो. कुठली मेथड वेळ खाते याचा अंदाज आल्यावर तेवढ्याच पॅकेजपुरता प्रोफायलर. अख्ख्या अ‍ॅपवर इन्स्ट्रुमेंटेशन लावून आकडे बघत बसण्याला अर्थ नाही.

२१ ची सूचना म्हणजे एरर नव्हे. जेईपी ४५१ (जावातल्या बदलाचा प्रस्ताव) पासून ती येते, काम होतं. नको असेल तर सेवा सुरू करताना 'एनेबल डायनॅमिक एजंट लोडिंग' हा फ्लॅग द्या. पण व्हिज्युअलव्हीएमची आवृत्ती जुनी असेल तर २१ च्या क्लास फाइल, म्हणजे फॉरमॅट ६५, तिला कळणार नाहीत. नवी आवृत्ती घ्या.

धागाकर्ता

धन्यवाद! कॉन्फमध्ये २१ चा पाथ टाकला, आता तिन्ही सेवांना त्यावरूनच चिकटता येतं. न दिसणारी सेवा मात्र अजून गायब. जेपीएस (चालू जावा प्रोसेसची यादी देणारी कमांड) मध्येही नाही. युजर तोच आहे, तपासलं.

प्रतिसाद १

युजर तोच असेल तर दोन संशय. जेव्हीएम 'टीएमपी'मध्ये 'एचएसपर्फडेटा' नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसची एक फाइल ठेवते, आणि जेपीएस व व्हिज्युअलव्हीएम दोन्ही तीच वाचतात. सेवेला 'परफ डिसेबल शेअर्ड मेम' फ्लॅग असेल तर ती फाइल बनतच नाही. दुसरं, सेवा सिस्टमडीवरून (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारी व्यवस्था) चालते का? तिच्या युनिट फाइलमध्ये 'प्रायव्हेट टीएमपी' चालू असेल तर तिचा 'टीएमपी' निराळा असतो, बाहेरून दिसणार नाही.

धागाकर्ता

दुसरा संशय खरा निघाला. 'प्रायव्हेट टीएमपी' चालू आहे, पण सुरक्षेच्या नियमामुळे मला ते बंद करता येणार नाही.

प्रतिसाद २

मग जेएमएक्स, म्हणजे चालत्या जावा सेवेची माहिती पोर्टवरून घेण्याची सोय. सेवेला जेएमएक्स पोर्ट द्या, आरएमआय (तिच्या आतलं जोडणीचं माध्यम) पोर्टही तोच ठेवा, होस्ट १२७.०.०.१ ला (म्हणजे त्याच मशीनपुरता) बांधा आणि व्हिज्युअलव्हीएममध्ये ते कनेक्शन हाताने जोडा. सीपीयू सॅम्पलिंग आणि थ्रेड दिसतील. प्रोफायलरचा टॅब मिळणार नाही, तो फक्त लोकल प्रोसेसला असतो. तो हवाच असेल तर चाचणीच्या मशीनवर हीच सेवा सिस्टमडीशिवाय, थेट टर्मिनलवरून चालवा.