स्पीकर कानाने लावायचे की ग्राफ बघून? माझं मत: माइक विकून टाका

कोथरूडचा_कर्णा:
आधीच सांगतो, मी नवखा नाहीये. गेल्या उन्हाळ्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा एमडीएफ कापून आणला आणि टू-वे स्पीकरची जोडी घरीच बनवली. खालच्या स्वरांना साडेसहा इंची वूफर, वरच्यांना एक इंची सिल्क डोम ट्वीटर, एलएम ३८८६ या चिपचे दोन अँप्लिफायर बोर्ड, क्रॉसओव्हरचा, म्हणजे आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटचा, किरकोळ माल तपकीर गल्लीत चार चकरा मारून जमवला, कॉइल तर हाताने गुंडाळल्यात, बायको म्हणायची हिवाळ्याचं स्वेटर आत्तापासूनच घेतलंत का विणायला.

खोली म्हणजे १० बाय १२ ची बेडरूम, स्पीकर दहा फुटी भिंतीला, खुर्ची बरोब्बर मध्यावर. पहिल्या दिवशी लावले आणि दोन तास उठलोच नाही. मग कुणीतरी डोक्यात भरवलं की मोजल्याशिवाय काही खरं नाही. मोजणीचा माइक आणला, रूम ईक्यू विझार्ड नावाचं मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते लॅपटॉपवर टाकलं, आणि रोज जेवणं झाली की स्पीकरमधून भुंऽऽऽपासून चीऽऽऽपर्यंत मोजणीची ती शिट्टी सुरू. कुठला स्वर खुर्चीत किती मोठा येतो त्याचा ग्राफ म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा सगळे एका रेषेत. दोन महिने खपून २० पासून २० हजार हर्ट्झपर्यंत रेघ इस्त्री केल्यासारखी केली, ४७ हर्ट्झला खड्डा होता तिथे इक्वलायझरने, म्हणजे त्या-त्या स्वराचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने, १० डेसिबल चढवले, आणि गाणं लावलं तर काय, स आणि श कानात टोचतायत, खालून दम नाही, वूफर मात्र उचकी लागल्यासारखा आतबाहेर करतोय. सगळं उडवलं, जुन्या सेटिंगवर आलो, जिवात जीव आला.

म्हणून म्हणतो, घरात ऐकायची सिस्टिम कानाने लावा. ग्राफला कान नसतात. बोला आता.

सोल्डरबहाद्दर:
कर्णाजी, बोला म्हणालात म्हणून बोलतो. माइक बरोबर होता, रेघ चुकली. खुर्चीवर माइक ठेवून वरपर्यंत सपाट रेघ काढायचीच नसते! चांगला स्पीकर मोकळ्यावर सपाट असतो, तोच खोलीत आणला की भिंतींवरून परत येणारा आवाज त्यात मिसळतो, त्यात खालचे स्वर जास्त आणि वरचे कमी असतात, त्यामुळे खुर्चीवरची रेघ खालून वर हळूहळू उतरतीच दिसायला हवी. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी स्पीकर पडद्याआड ठेवून माणसांना ऐकवले, वर्षानुवर्षं ऐकवले, लोकांची पसंती या उतरत्या रेघेलाच. तुम्ही तो उतार भरून काढलात म्हणजे ट्वीटरला पाच-सात डेसिबल फुकट दिलेत. टोचणार नाहीतर काय.

आणि ४७ चा खड्डा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला दुप्पट लांबीने भागा, आले ४७. तो स्पीकरचा नाही, तुमच्या खोलीचा आकडा आहे. त्या लहरीला बरोब्बर मध्यावर दाबच नसतो आणि नेमके तिथेच तुम्ही बसलाय. १० डेसिबल चढवले म्हणजे जिथे ३ वॅट लागत होते तिथे ३० गेले, आणि खुर्चीत ऐकू आलं शून्य. गळक्या बादलीत नळ मोठा केलात. माइकने तुम्हाला सांगितलं होतं की खुर्ची हलवा, तुम्ही ऐकलं की आवाज वाढवा.

ठेक्यात_राहा:
कर्णाजींना माझा पाठिंबा. वीस वर्षं तबला वाजवतोय. हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके मारत तबला लावतो तेव्हा समोर लॅपटॉप नसतो. तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवला की झंकार उघडतो, तो क्षण कानालाच कळतो, कुठल्या ग्राफमध्ये दिसणार? बरं, ४७ हर्ट्झ पाहिजे कुणाला? काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार जेमतेम ६९ हर्ट्झची. गाणं-बजावणं ऐकणाऱ्याने ४७ साठी झोप उडवायची म्हणजे दहीहंडीच्या डीजेची भिंत घरात आणायची.

सोल्डरबहाद्दर:
ठेकेसाहेब, तबला लावता तो कशाला धरून लावता? तानपुरा नाहीतर पेटीच्या षड्जाला. म्हणजे पक्का स्वर समोर असतोच की! माइक हा तोच षड्ज आहे, एवढंच म्हणणं आहे.

आणि ४७ सोडा, दुपटीचं बोलू, ९४. त्याच १२ फुटांची दुसरी लहर, आणि तिचा दाब मध्यावर सगळ्यात जास्त. म्हणजे कर्णाजींच्या खुर्चीत अगदी खालचा भाग गायब आणि डग्गा मात्र फुगलेला. कर्णाजी, खरं सांगा, डग्ग्याचा घुमारा लांबतो का नाही? मींड संपली तरी हुंऽऽ राहतो का नाही?

कोथरूडचा_कर्णा:
राहतो. मला वाटलं रेकॉर्डिंगच तसं आहे.

सोल्डरबहाद्दर:
सगळीच रेकॉर्डिंग्ज?

रास्ता_पेठ_स्पष्टवक्ता:
एमडीएफ, कॉइल, माइक, दोन महिन्यांच्या रात्री, या सगळ्याचे पैसे लावले तर दुकानातली चांगली जोडी आली असती, वॉरंटीसकट. लोकांना ऐकायचं नसतं, करवत चालवायची असते.

कोथरूडचा_कर्णा:
हो, करवत चालवायचीच असते. पुढे?

सहकारनगरची_ताई:
मी पण घरीच बनवते, सीलबंद सबवूफर (नुसत्या खालच्या स्वरांचा स्पीकर) केलाय, आणि तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. माझ्या सबमधून ठराविक जागी झर्रऽऽ असा आवाज यायचा. माझ्या कानाने ठाम सांगितलं, खोक्याला चीर आहे, हवा गळतेय. तीन वेळा स्क्रू काढून सगळे सांधे परत गोंदाने भरले. शेवटी ती शिट्टी हळू चालवली, ६० हर्ट्झच्या आसपास झर्र सुरू व्हायचं, मग तोच एक सूर धरून ठेवला आणि घरभर कान लावत फिरले. खोका गप्प. काचेचं कपाट गप्प. देवघरात ताम्हनात ठेवलेली पळी थरथरत होती! सासूबाई म्हणाल्या, मला तर केव्हापासून ऐकू येतंय, मला वाटलं तुझं मुद्दाम चाललंय. आता संध्याकाळी पळी पंचपात्रात असते आणि खाली फडकं. माझं मत विचाराल तर माइक रेघ सरळ करायला नाही, चोर पकडायला वापरा. गोडी लावायची तर कान.

ठेक्यात_राहा:
ताई, चोर तर कानानेच पकडलात की. माइक कुठे होता?

सहकारनगरची_ताई:
सूर धरायला शिट्टी लागलीच ना! बरं, अर्धा गुण तुम्हाला.

दिवाळी_अंक_संग्राहक:
स्पीकरमागच्या भिंतीला तीस वर्षांचे दिवाळी अंक रचा. आवाज शोषतात. माझा अनुभव आहे.

सोल्डरबहाद्दर:
टाळी वाजवल्यावर येणारा टणत्कार कमी होईल, ते खरं. पण ४७ हर्ट्झच्या लहरीची लांबी ७.३ मीटर आहे, नुसत्या गठ्ठ्यांनी ती अडवायची तर तिच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे सहा फूट जाड थर लागेल, तेवढे अंक तर मराठीत निघालेले पण नसतील. दोन इंची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) मांजरपाटात शिवून भिंतीला टांगलं तरी ते वरचं सावरतं, खालचं नाही. खालच्यासाठी आधी बसायची जागा आणि स्पीकरची जागा, मग उरलेल्या उंचवट्याला इक्वलायझर. उंचवटा दाबायचा, खड्डा भरायचा नाही, आणि तेही साधारण ३०० हर्ट्झच्या खालीच.

कानाबद्दल एकच. कर्णाजी सिस्टिम लावतात रात्री अकराला, शेजारी झोपलेले, आवाज बारीक. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमीच ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मांडून ठेवलंय. म्हणजे रात्री कानाने बेस पुरेसा केला की रविवारी सकाळी मोठ्याने लावल्यावर तोच धबधब वाजणार. कान खोटं बोलत नाही, पण रात्री वेगळं बोलतो आणि सकाळी वेगळं.

ठेक्यात_राहा:
म्हणून तर आवाजाचं बटण असतं हो! मैफल किती मोठ्याने ऐकायची हे पण कानच ठरवतो. तुमची रेघ एका खुर्चीची, एका डोक्याची. शेजारी बायको बसली तर तिला दुसरा ग्राफ? मी सवाईला मांडवात मागे बसून पण ऐकलंय आणि पुढे पण, आवाज दोन्हीकडे वेगळा, गाणं तेच.

कोथरूडचा_कर्णा:
काल खुर्ची दीड फूट मागे घेतली. बाकी कशाला हात लावला नाही, इक्वलायझर बंद. डग्ग्याचं ते हुंऽऽ निम्म्याने तरी गेलं आणि खाली चक्क जमीन लागली. दीड फुटासाठी दोन महिने शिट्ट्या मारल्या मी. अडचण एवढीच की आता कपाटाचं दार अर्धंच उघडतं आणि मला रविवारपर्यंत मुदत मिळालीय.

पण माझं मुख्य म्हणणं मी सोडत नाहीये हां. उतरती रेघ, सपाट रेघ, शेवटी लोकांना बसवून कानानेच ठरवली ना त्या टूलसाहेबांनी? आणि माझा क्रॉसओव्हर, चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली (जुळणीच्या जागी वूफर-ट्वीटरला एका पावलावर चालवणारी रचना), मी कानाने लावलाय, २२०० हर्ट्झला, तिथे गळा एकसंध येतो, वूफर कुठे संपला आणि ट्वीटर कुठे सुरू झाला कळत नाही. याला माइक लावणार नाही.

सोल्डरबहाद्दर:
पडद्याआड ऐकून ठरवली, आवडता स्पीकर समोर दिसत असताना नाही, फरक आहे. आणि २२०० बद्दल साधी परीक्षा सांगतो. चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली केलाय म्हणालात तर एका स्पीकरच्या ट्वीटरची प्लस-मायनस वायर उलटी जोडून मोजा. दोघं खरंच एका पावलावर चालत असतील तर उलट्या वायरीने एकमेकांना खोडतील आणि २२०० ला खोल विहीर पडली पाहिजे. उथळ खड्डा पडला किंवा भलतीकडेच पडला तर तुमचा एकसंध गळा म्हणजे सवय.

ठेक्यात_राहा:
मी पण येतो. वायर उलटी कधी केली ते मला सांगू नका, मी डोळे मिटून ओळखतो. ओळखलं तर माइक कपाटात.

कोथरूडचा_कर्णा:
या, रविवारी दहाला. कपाटाचं दार अर्धंच उघडतं पण माइक मावेल.

सोल्डरबहाद्दर:
येतो. ट्वीटरच्या वायरी सुट्या काढून ठेवा. आणि पळी असेल तर पंचपात्रात.