डाव्या पायातली चप्पल नकळत निसटते. मोटर न्यूरॉनचा आजार असेल का?

नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहते, वय ४३. घरची भातशेती, थोडे माड आणि घरकाम. गेले १६ दिवस नीट झोप नाही, म्हणून इथे विचारते आहे.

१९ जुलैला विहिरीवरून कळशी घेऊन येत होते. खळ्यात पोचले तर यजमान म्हणाले, "डाव्या पायातली चप्पल खंय गेली गो?" मागे बघितलं तर ती पाणंदीतल्या चिखलात रुतलेली. कधी निघाली, मला पत्ताच नाही. त्याच संध्याकाळी पडवीची पायरी चढताना पाऊल अडखळलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की डावं पाऊल घोट्यातून वर उचललंच जात नाही. चालताना गुडघा जास्त वर घ्यावा लागतो आणि पाऊल फटकन आपटतं. दुखत काहीच नाही, आणि नेमकं तेच मला घाबरवतंय. दुखलं असतं तर मुरगळलं असं तरी म्हटलं असतं.

सासूबाई म्हणाल्या, "वारो लागलो असतलो, तेल लाव." आठवडाभर खोबरेल तेल कोमट करून चोळलं. फरक नाही. मग तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, ती ठीक म्हणाले. शुगर आणि थायरॉइड नॉर्मल, बी-१२ थोडं कमी, त्याची इंजेक्शनं चालू केली. न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली आणि एनसीव्ही, ईएमजी (नसेतून संदेश किती वेगाने जातो आणि स्नायूंतली वीज कशी आहे ते बघणाऱ्या तपासण्या) करायला सांगितलं. तारीख मिळाली आहे १४ ऑगस्टची.

आता खरं कारण सांगते. माझ्या आतोबांना २०१६ मध्ये मोटर न्यूरॉन डिसीज झाला. सुरुवात अशीच, उजव्या पायात चप्पल टिकेना. मग दुसरा पाय, मग हात, मग बोलणं जड झालं. २०१९ मध्ये गेले. शेवटचे तीन महिने मी आतेच्या मदतीला होते. पेज गाळून चमच्याने भरवायची, तरी ठसका लागायचा. ठसका लागला की ते माझ्याकडे बघायचे. ती नजर अजून जात नाही.

रात्री सगळे झोपले की मी मच्छरदाणीत मोबाइलची बॅटरी पोटरीवर धरून बसते. मधूनच कातडीखाली मासोळी फडफडल्यासारखं काहीतरी हलतं. तेही लक्षण आहे असं वाचलं. यजमानांना अजून यातलं काही बोललेले नाही. मुलगी बारावीला आहे.

१४ तारखेपर्यंत थांबणं योग्य आहे का? की उसने पैसे घेऊन थेट मुंबई गाठू? आणि ज्यांना हे माहीत आहे त्यांनी खरं ते सांगा, धीर देण्यापुरतं नको.

वाशिष्ठी
ताई, मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. पाय हातात घेतल्याशिवाय निदान सांगता येत नाही, पण तुमच्याच लिहिण्यातली एक ओळ मी तीनदा वाचली. चप्पल निघाली ते तुम्हाला कळलं नाही. मोटर न्यूरॉनच्या आजारात ताकद जाते, स्पर्श सहसा जात नाही.

काही गोष्टी विचारते. जुलैत तरवा (लावणीसाठी भाताची रोपं) काढायला उकिडव्या किती बसलात? मधल्या काळात वजन उतरलं का? आणि एक करून बघा. डोळे मिटून मुलीला कापूस फिरवायला सांगा. नडगीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग, आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी, जिथे स्लिपरचा पट्टा बसतो. दोन्ही पायांत फरक लागतो का?

हे विचारायचं कारण असं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक टणक हाड लागतं. पाऊल वर उचलणारी नस त्या हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. तासन् तास उकिडवं बसलं की ती दाबली जाते. अंगावरचं मांस उतरलेलं असेल तर जास्तच, कारण तिथली गादी गेलेली असते. मग पाऊल लोंबतं. आम्ही त्याला फूट ड्रॉप म्हणतो. लावणीच्या, बेणणीच्या (तण काढायच्या) दिवसांत असे पाय येतात माझ्याकडे.

कमरेतली नस दाबली गेली तरी पाऊल असंच पडतं. तेव्हा पाऊल आतल्या बाजूला वळवताना जोर लागतो का तेही बघा. गुडघ्याजवळच्या दुखण्यात तो जोर बहुधा शाबूत असतो, कमरेच्या दुखण्यात कमी होतो.

खळ्यातली तुळस (धागाकर्ती)
वाशिष्ठी, तुमचं वाचून हात कापत होते. मे महिन्यात मला टायफॉइड झाला होता, ७ किलो वजन गेलं. अशक्तपणा होता तरी माणसं मिळेनात म्हणून सलग नऊ दिवस तरवा काढला, सकाळी सातपासून, इरलं घेऊन उकिडवी. या दोन गोष्टींचा पायाशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

वातीचा कापूस घेऊन मुलीने आत्ता फिरवला. उजव्या पायाला सगळीकडे कळतं. डाव्या पायाच्या बेचकीत तिने चार वेळा लावला, मी एकदाही ओळखलं नाही. पावलाच्या वर जाड मोजा घातल्यासारखं वाटतं. तळव्याला मात्र कळतं. पाऊल आत वळवायला जोर लागतो, मुलीच्या हाताला रेटा बसला. मी रडायला लागले तेव्हा ती घाबरली, मग तिला सगळं सांगितलं. यजमान पडवीत होते, त्यांनीही ऐकलं.

दर्यावर्दी
माझ्या वडिलांना एएलएस होता, म्हणजे मोटर न्यूरॉनचाच आजार. तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून लिहितो. आतोबा तुमच्या रक्ताच्या नात्यातले नाहीत, त्यांच्यावरून तुमचा धोका वाढत नाही. आणि साधारण दहातल्या नऊ रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो आजार नसतो. पोटरीतली फडफड निरोगी माणसालाही होते, दमल्यावर, जागरणाने, काळजीने. बॅटरी धरून बसलात तर ती दिसणारच. वडिलांच्या बाबतीत डॉक्टर फडफडीवर थांबले नव्हते. ताकद महिन्यागणिक कमी होत गेली, एका भागातून दुसऱ्यात गेली, पाय एकीकडे वाळत होता आणि हातोडी मारली की जोरात उडत होता. निदान व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. एका रिपोर्टवर कुणी ते नाव घेतलं नाही.

१४ तारीख मला योग्य वाटते. नसेला इजा झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ईएमजी केली तर स्नायूंतले बदल दिसत नाहीत, पुन्हा करावी लागते. मुंबईला धावून फायदा नाही. सिंधुदुर्गातून बरेच जण बांबोळीला जातात, गोवा मेडिकल कॉलेजात न्यूरॉलॉजी आहे.

थांबायचं नाही ते केव्हा, हे मात्र लक्षात ठेवा. दुसराही पाय तासा-दिवसांत जड व्हायला लागला, बधिरपणा वर चढू लागला, श्वास किंवा गिळणं अडलं, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी गाडी काढा.

वाशिष्ठी
ताई, आता १४ तारखेला टायफॉइड, वजन आणि तरवा या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. एनसीव्हीत नस नेमकी गुडघ्याजवळ अडते आहे का ते कळेल. नुसती दाबली गेली असेल तर बरेचसे पाय काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतात, पण आतल्या तंतूंना इजा असेल तर वेळ लागतो. तुमचं कुठलं हे तपासणीच सांगेल. तोवर उकिडवं बसू नका, पायावर पाय टाकू नका, त्या हाडाशी तेल रगडू नका. पाऊल वर धरणारा पट्टा मिळतो, तो वापरा म्हणजे पडणार नाही. आणि अनवाणी शेतात मुळीच जाऊ नका. बधिर पायाला कापलेलं कळत नाही, आणि चिखलातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो हे तुमच्याकडे मी सांगायला नको.

खळ्यातली तुळस (धागाकर्ती)
बेणणीला यंदा मी जाणार नाही. यजमानांनी काल कट्टा गावच्या बाजारातून गमबूट आणले, तेही एक नंबर मोठे, पट्टा आत मावावा म्हणून.

रात्री आतेला फोन केला. विचारलं, आतोबांची चप्पल निघायची तेव्हा त्यांना कळायचं का. ती म्हणाली, कळायचं तर, तिथेच उभे राहून हाक मारायचे, "घाल गो पायात." पायाखाली खडा आला तरी शेवटपर्यंत सांगायचे.

बॅटरी उशाखालून काढून कपाटात ठेवली आहे. १४ तारखेचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन, जो असेल तो.