लाइट गेली की नऊच्या नऊ साइट्स 'डाऊन': घरचा अपटाइम कुमा कसा सुधारावा?

म्हापसेकर_वेब
नऊ क्लायंटांच्या वर्डप्रेस साइट्स सांभाळतो, बहुतेक होमस्टे आणि रेंट-अ-बाइकवाले. होस्टिंग सगळ्यांचं मुंबईतलं. घरी रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम चालवायचा वेगळा डबा) अपटाइम कुमा आहे, म्हणजे साइट चालू आहे का ते तपासणारा प्रोग्राम: दर ६० सेकंदांनी तपासणी, अलर्ट टेलिग्रामवर. पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, तरी पावसात लाइट गेली-आली की नऊही 'डाऊन' आणि दोन मिनिटांत 'अप'. उलट एका होमस्टेचं बुकिंग पान सकाळभर बंद होतं, तेव्हा कुमा हिरवाच, म्हणजे 'अप' दाखवत होता. सीझन तोंडावर आलाय. पैसे भरून सेवा घ्यावी की हेच नीट होईल? रात्री उठवणारा एसएमएस मिळाला तर उत्तमच.

फोंड्याचा_अ‍ॅडमिन
नऊही एकदम पडल्या तर दोष बहुधा तपासणाऱ्याच्या बाजूला. इन्व्हर्टर तुमच्या घरी आहे, रस्त्यावरच्या फायबरच्या पेटीत असेलच असं नाही. आणि लाइन पूर्ण गेली तर टेलिग्रामचा मेसेजही घराबाहेर पडत नाही. तुम्हाला येतात ते लाइन लटपटत असतानाचे. फायबर तासभर तुटली तर तेवढा वेळ तुमच्याकडे काहीच नाही, हे जास्त वाईट.

कुमा लहान व्हीपीएसवर (भाड्याचा आभासी सर्व्हर) हलवा, १ जीबी रॅम पुरते. पण क्लायंटांचं होस्टिंग ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडे नको, नाहीतर दोघं एकत्र झोपतील. कंटेनर थांबवून डेटा फोल्डर कॉपी केला की मॉनिटर, इतिहास, टेलिग्रामची सेटिंग्ज सगळं सोबत येतं. फोल्डर लोकल डिस्कवर ठेवा, एनएफएसवर (नेटवर्कवरची डिस्क) एसक्यूलाइटची (कुमाचा डेटाबेस) फाइल बिघडू शकते. कुमाचा पोर्ट ३००१ यूएफडब्ल्यूने (लिनक्सची फायरवॉल) बंद केला म्हणून निश्चिंत होऊ नका: डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स (फायरवॉलचे) नियम लावतो आणि पोर्ट उघडाच राहतो. १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनपुरता) बांधा, पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा वेबसर्व्हर).

रिट्राय (चुकल्यावर पुन्हा तपासणी) ३, रिट्रायमधलं अंतर २० सेकंद. पहिली तपासणी चुकल्यावर मिनिटभराने अलर्ट येईल. सर्व्हर उत्तरच देत नसेल तर टाइमआऊटचा (उत्तराची वाट बघायची मर्यादा) वेळ त्यात धरा. पैसे भरायची घाई नको. फुकट सेवांत तपासणी बहुधा ५ मिनिटांनी होते, म्हणजे मधल्या मधे पडून उठलेली साइट दिसतच नाही. तेवढा फरक लक्षात ठेवून अशी एखादी सेवा जोडीला ठेवायला हरकत नाही.

कुळागर
हिरव्या कुमाबद्दल. तुम्ही मुखपृष्ठ तपासताय ना? ते कॅशमधून (साठवलेली प्रत) येतं, मागे डेटाबेस मेला तरी २०० ('सगळं ठीक') हा कोड मिळतो. बुकिंग पानावर 'कीवर्ड' प्रकारचा (पानात ठरावीक शब्द शोधणारा) मॉनिटर लावा आणि शब्द तळाच्या फुटरमधला घ्या, म्हणजे पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात चालतं ती भाषा) अर्ध्यात कोसळली तरी पकडलं जाईल. फॉर्म जावास्क्रिप्टने उमटत असेल तर त्यातला शब्द सापडणार नाही, कुमा फक्त सर्व्हरने पाठवलेलं एचटीएमएल वाचतो.

त्याहून बरं म्हणजे एक छोटी पीएचपी फाइल: डेटाबेसमधल्या बुकिंगच्या टेबलवर एक सिलेक्ट (वाचून बघणं), अपलोड फोल्डरमध्ये एक बाइट लिहून पुसणं, दोन्ही जमलं तर २००, नाहीतर ५०३ ('सेवा बंद'). कॅश-कंट्रोलला नो-स्टोअर द्या, म्हणजे उत्तराची जुनी प्रत येणार नाही. लिहिण्याची चाचणी वगळू नका. शेअर्ड होस्टिंगवर जागा शिल्लक असूनही आयनोडची (फाइलींच्या संख्येची) मर्यादा संपते, पानं दिसत राहतात आणि सेशनच्या (प्रत्येक भेट लक्षात ठेवणाऱ्या) फाइली मात्र बनत नाहीत.

मांडवीकाठ
एसएमएसचा नाद सोडा. भारतात अशा एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांनुसार डीएलटीवर (एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मजकुराचा साचा) नोंदवावे लागतात. नऊ साइट्ससाठी तो व्याप कोण करणार? फोनवर एनटीएफवाय (सूचना दाखवणारं अ‍ॅप) टाका, कुमात त्याची प्रायॉरिटी ५ करा, अँड्रॉइडमध्ये त्या चॅनलला 'डू नॉट डिस्टर्ब' ओलांडायची परवानगी द्या आणि बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. हे शेवटचं राहिलं की रात्रीचा मेसेज उशिरा, पहाटे पोचतो. टेलिग्राम नोंदीपुरता ठेवा.

आता कुमावर पहारा कोण ठेवणार? व्हीपीएसवर क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) लावा: दर ५ मिनिटांनी आधी कुमाचं पान उघडतंय का बघायचं आणि उघडलं तरच हेल्थचेक्स डॉट आयओ या सेवेला पिंग ('जिवंत आहे' असा संकेत). तिथे पीरियड (पिंगमधलं अंतर) ५, ग्रेस (त्यावर सवलत) १० मिनिटं. पिंग थांबला की तिकडून ईमेल येते. नुसता क्रॉन पिंग करत राहिला तर मेलेला कुमाही जिवंत दिसेल.

एसएसएल प्रमाणपत्राच्या मुदतीचा इशाराही कुमात चालू करा. लेट्स एनक्रिप्टने (फुकट प्रमाणपत्रं देणारी संस्था) २०२५च्या जूनपासून मुदतीच्या ईमेल बंद केल्यात. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असेल तर नूतनीकरण बहुधा ३० दिवस उरताना होतं. १४ दिवसांचा इशारा आलाच तर ते दोन आठवडे अडकलंय असं समजा.

म्हापसेकर_वेब
बरीच कामं मिळाली. दोन साइट्सवर क्लाउडफ्लेअर (साइटपुढे बसणारी संरक्षण आणि कॅशची सेवा) आहे, तिथे व्हीपीएसवरून ४०३ ('प्रवेश नाही') येतोय. आणि रात्री ३ला बॅकअप चालतो, तेव्हा साइट मंदावते.

कुळागर
४०३ म्हणजे बॉट-रोधक अडवतोय. '४०३लाही अप धरा' असं करू नका. क्लाउडफ्लेअरच्या सुरक्षा नियमांत व्हीपीएसच्या आयपीला मुभा द्या, त्या पीएचपी फाइलला कॅश बायपास द्या. फुकट प्लॅनमधला बॉट फाइट मोड अशा नियमाला जुमानत नाही, तो चालू असेल तर बंद करा. बॅकअपसाठी मेंटेनन्स विंडो (तेवढा वेळ अलर्ट बंद) लावा, टाइमझोन मात्र आधी बघा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपले पहाटेचे ३ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे २१:३०.