परतीचं भाडं: थांबावं की गाडी खाली (रिकामी) आणावी?

हिंगणारोड_एकगाडी

माझा एकच दहा चाकी ट्रक आहे. ड्रायव्हर ठेवला आहे, हप्ता चालू आहे. बहुतेक नागपूरच्या कळमन्यातून डाळ भरून हैदराबाद, म्हणजे ५०० किलोमीटर. गेल्या महिन्यातल्या दोन फेऱ्यांचा हिशोब मांडतो, कारण माझं मत त्यातूनच बनलं आहे.

दोन्ही वेळा जातानाचं भाडं ४२,०००. भरलेल्या गाडीला लिटरला चार किलोमीटरचं एव्हरेज मिळतं, म्हणजे १२५ लिटर, ९१ च्या भावानं ११,३७५. टोल ४,०००, दलालाचं कमिशन आणि वाराई (हमाली) मिळून १,७००. उरले २४,९२५.

पहिल्या फेरीत परतीचा माल मिळेना, तर गाडी सरळ खाली आणली. खाली साडेपाचचं एव्हरेज पडलं, डिझेल ८,२८१, टोल पुन्हा ४,०००. ड्रायव्हरची चार दिवसांची खुराकी (जेवणखर्च) २,८०० धरली तर फेरीचे ९,८४४ राहिले. दिवसाला २,४६१.

दुसऱ्या फेरीत १८ टन पशुखाद्य मिळालं, टनाला ९०० नं १६,२००. भरायला दोन दिवस लागले. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या गोदामावर पोचलो तर शनिवार दुपार. माल सोमवारी संध्याकाळी उतरला. डिझेल, टोल, वाराई, खुराकी सगळं वजा करून १८,४५० राहिले, पण दिवस गेले आठ. दिवसाला २,३०६.

हप्ता, ड्रायव्हरचा पगार, इन्शुरन्स, टॅक्स, परमिट, पासिंग मिळून महिन्याला ६९,००० लागतात. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी दिवसाला २,३०० जातात. आठ दिवस राबून हाती काहीच नाही. म्हणून माझा नियम: परतीच्या मालासाठी चोवीस तास थांबायचं, नाहीतर गाडी खाली आणायची. भाड्याचा आकडा पाहून भुलायचं नाही, दिवस मोजायचे.

दहाचाकी_कळमना

भाऊ, हिशोब चांगला मांडला, पण टायर कुठं गेले? दहा टायर, एकाला २२,००० धरा, झाले २,२०,०००. तुमच्या रस्त्यावर ९०,००० किलोमीटर चालले तरी किलोमीटरला अडीच रुपयांच्या आसपास पडते. हजार किलोमीटरच्या फेरीला २,४०० गेले समजा.

आता पुन्हा भाग द्या. खाली आणलेल्या फेरीचे दिवसाला १,८६० राहतात. आठ दिवसांच्या भरलेल्या फेरीचे २,०००. दोन्ही तुमच्या २,३०० च्या खालीच आहेत, पण खाली गाडी जास्त बुडवून रायली. टायर मोजले की तुमचा नियमच उलटा होते. मी बावीस वर्षांपासून गाडी चालवतो. खाली आलेली गाडी घरी पोचल्याचं समाधान देते, पैसे नाही देत.

अजून एक. चार दिवसांत परत आलात, पण पाचव्या दिवशी कळमन्यात ४२,००० चा माल तुमच्यासाठी तयार असते का? पावसाळ्यात आठ-आठ दिवस नंबर लागत नाही. मग ते २,३०० हैदराबादेत जाऊ द्या नाहीतर नागपुरात, फरक काय पडते?

नवीन_ड्रायव्हर_मालक

दादा, मग परतीला २१-२२ टन टाका ना. भाडं वाढेल, दिवस तेवढेच लागतील. सगळेच टाकतात.

दहाचाकी_कळमना

नको रे बाबा. दहा चाकीची मर्यादा २०१८ मध्ये २५ वरून साडेअठ्ठावीस टन केली, ती गाडी धरून. रिकामी गाडी साडेनऊ-दहा टन भरते, म्हणजे मालाला साडेअठरा-एकोणीसच उरतात. वजनकाट्यावर सापडलास तर २० हजार दंड, वर जास्तीच्या टनामागे दोन हजार. वरचा माल तिथंच उतरवावा लागते ते वेगळं. आणि कमानीचे पाटे तुटले निर्मलच्या घाटात, तर त्या रात्री कोण येते तुझ्याजवळ? माझे तुटले आहेत. सकाळी नऊपर्यंत जॅक लावून बसलो होतो.

वाडी_मुनीम

मी नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो, दलालांच्या बाजूनं बोलतोय असं वाटेल. वाटू द्या. गाडीवाले एक-एक फेरी मोजतात, आम्ही वर्ष मोजतो. जुलैत मला गाडी लागते तेव्हा ९०० नं कोण भरून आणतो, हे माझ्या लक्षात राहतं. आंबिया बहाराची संत्री निघाली, काटोल-वरुडकडून दिल्ली-कोलकात्याला गाड्या लागायला लागल्या, की पहिला फोन त्यालाच जातो. ‘परवडत नाही’ म्हणून खाली निघून गेलेल्याला मी तेव्हा का बोलवू?

हिशोबवही

माझे मिस्टर गाडी चालवतात, वही मी लिहिते. मुनीमभाऊ, लक्षात ठेवता हे बरं आहे, पण आमच्याही काही गोष्टी लक्षात राहतात. मागच्या वर्षी एका दलालाकडे आमच्या भाड्याचे ११,००० बॅलन्स (बाकी) होते. पोचपावती हातात दिल्यावर ५२ दिवसांनी मिळाले, तेही एक टक्का टीडीएस कापून. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकानं पॅन नंबरसह तसं लेखी दिलं की टीडीएस कापायचा नसतो. ते पत्र मी बिल्टीसोबत (मालाच्या पावतीसोबत) दिलं होतं. आता मी प्रत्येक बिल्टीला त्याची झेरॉक्स लावते आणि माल उतरल्याबरोबर पोचपावतीचा फोटो पाठवते.

वरच्या हिशोबात कोणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे उभं राहण्याचे पैसे. बुटीबोरीला गाडी दोन दिवस उभी राहिली, त्याचे हॉल्टिंग का नाही मागितले? आम्ही भाडं ठरवतानाच बोलून घेतो: पोचल्यापासून चोवीस तास फुकट, नंतर दिवसाला दोन हजार, आणि ते बिल्टीवर लिहून द्यायचं. दहातले सहा दलाल नाही म्हणतात. चार हो म्हणतात. आम्ही त्या चौघांचाच माल उचलतो.

आणि खाली गाडी आणण्याबद्दल सांगते. मागच्या मार्चमध्ये मिस्टर एकतीस दिवसांत पाच रात्री घरी होते. मुलीची दहावीची परीक्षा होती. मी दोनदा फोन करून सांगितलं, खाली या. वहीत त्या दोन फेऱ्यांत तोटाच दिसतो. तरी मी परत तसंच सांगेन.

वाडी_मुनीम

ताई, बॅलन्सचं तुमचं बरोबर आहे. पार्टी (मालवाला) आम्हाला साठ दिवसांनी पैसे देते, पण ते गाडीवाल्याच्या गळ्यात घालायचं नसतं. हॉल्टिंगचं मात्र पार्टी ऐकत नाही. एका गाडीवाल्यासाठी मी भांडलो तर ती पार्टी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ऑफिसात जाते.

समृद्धीवाला

मी मुंबई लाइनवर आहे, माझा अनुभव वेगळा. समृद्धी जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाली, ७०१ किलोमीटर. तीन एक्सलला टोल कारच्या तिपटीहून जास्त आहे, तो पाहून बरेच जण जुन्या रस्त्यानंच जातात. मी समृद्धीनं जातो. घाट नाही, गावं नाहीत, सिग्नल नाही. ड्रायव्हरला साठच्या वर जायचं नाही असं सांगून ठेवलं आहे. डिझेल वाचतं आणि पूर्ण एक दिवस वाचतो. परतीचा माल भिवंडीतून रोज मिळतो, भाव कमी असला तरी. तिथं खाली यायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे एकच नियम सगळ्या लाइनींना लावू नका.

हिंगणारोड_एकगाडी

कळमनावाल्या भाऊंनी टायर काढले तिथं मी चुकलो, हे मान्य. रात्री पुन्हा वही घेऊन बसलो. टायर धरून भरलेली फेरी सहा दिवसांत झाली तर दिवसाला २,९०० राहतात. सात दिवसांत झाली तर २,३९०. आठव्या दिवशी खिशातून जायला लागतात. म्हणजे चोवीस तासांचा माझा नियम फार कडक होता. पण अट नसलेलं थांबणंही मला मान्य नाही. निघाल्यापासून सातव्या दिवशी गाडी इथं रिकामी होणार असेल तरच परतीचा माल घ्यायचा. शुक्रवारी भरून शनिवारी दुपारी गोदामावर पोचणारा माल घ्यायचाच नाही, भाव १,१०० असला तरी.

मुनीमदादा, तुमचं वर्षाचं गणित मला पटत नाही. जुलैत सोसलेलं नोव्हेंबरमध्ये भरून निघेल, ही तोंडी गोष्ट झाली. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. नोव्हेंबरची संत्री लिहून देता का?

ताई, हॉल्टिंगचं आजच करून पाहिलं. गाडी सकाळी हैदराबादेत खाली झाली. तीन दलालांना फोन लावले, दोघांनी नाही म्हटलं. तिसरा दिवसाला दीड हजारावर आला आणि बिल्टीवर लिहायला तयार झाला. माल परवा सकाळी भरतो म्हणतो. आज तिसरा दिवस आहे, म्हणजे सहाव्या दिवशी गाडी नागपुरात. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आहे.