वय झालं म्हणून चिडचिड? तुमच्या घरचा अनुभव सांगा

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. मागच्या वर्षी अचानक संशय घ्यायला लागल्या. "माझ्याबद्दलच बोलत होते ना तुम्ही?" म्हणून ताट सारून उठायच्या. वय झालं म्हणून आम्ही सहा महिने तसेच काढले. मग इथल्या, नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. आमचं बोलणं अर्धंमुर्धं कानावर पडायचं, उरलेलं त्या मनानेच जोडायच्या. यंत्र लावल्यावर महिनाभरात घरातला ताण उतरला. पण ते सहा महिने त्यांनी एकटीने काढले, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या घरी राग, रडू, भीती कशामुळे होती? कळलं कसं? ज्येष्ठांनी स्वतःही लिहा.

मानेवाडा :
आई दिवसभर पडून असायची, बोललं की डोळ्यात पाणी. बाबा गेल्याचं दुःख, असंच आम्ही धरून चाललो. रक्त तपासलं तर बी-१२ फारच कमी. इंजेक्शनं सुरू झाल्यावर ती पुन्हा तुळशीला पाणी घालायला उठू लागली. बाबांसाठी रडते अजून. ते रडणार नाही तर काय!

प्रतापनगर :
मी स्वतः ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गेले. बोटांच्या रेषा झिजल्या, मशीन अंगठा घेईना. खिडकीतला माणूस माझ्याकडे न पाहता मुलाला म्हणाला, "यांना उद्या आणा." दाखला नंतर घरीच मोबाईलवर चेहरा दाखवून झाला. पण 'यांना आणा' हे रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

त्रिमूर्तीनगर :
आमचे आबाजी मे महिन्यातच बिनसतात. पारा ४५ वर, बागेतली सोबत बंद, दिवसभर कूलरचा आवाज आणि चार भिंती. आता पहाटे साडेपाचला मीच त्यांना बागेत सोडतो. "देवा, उचल आता" असं कोणी रोज म्हणत असेल तर मात्र सवय समजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ वर २४ तास बोलता येतं, ज्येष्ठांसाठी एल्डरलाईन १४५६७ आहे.

महाल :
बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ ची गिरणी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा ते ५१ चे. आता तिथे मॉल आहे. दिवाळीत नातवंडांनी हौसेनं नेलं, तर ते पायरीवरूनच परतले आणि आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. गिरणीची आठवण आली असेल, असं मला वाटलं. नवव्या दिवशी म्हणाले, "इथं माह्या हातानं सूत निघे. आता घरात मले चहासाठीबी विचारा लागते."

ऊन लागेल, पडाल, राहू द्या, असं म्हणत आम्हीच त्यांच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं. आता बुधवार बाजारातली भाजी तेच आणतात, पैसेही त्यांच्याचकडे. काल कोथिंबीर महाग लावली म्हणून घरी येऊन अर्धा तास भांडत होते. मी मुद्दाम जवळ बसून सगळं ऐकलं.