हरिकेन खेळण्यासारखं का दिसतंय?

नवाभिडू: हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेल काल पूर्ण केलं. एअरब्रशने रंगवलं, पॅनेल लाइन्समध्ये (पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचांमध्ये) काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग भरला, चंदेरी रंगाने सगळीकडे चिपिंग केलं, म्हणजे रंगाचे टवके उडाल्यासारखं दाखवलं. तरी खेळणंच वाटतंय. शिवाय डीकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या चित्रांखाली) पांढुरकी चकाकी आलीय. फोटो जोडलाय.

खटपट्या: रंग छान बसलाय, उगाच हिरमुसू नका. घोळ पुढे आहे.

कॉकपिटमागून शेपटीपर्यंत चंदेरी टवके उडवलेत ना? हरिकेनचा तो भाग कापडाचा! आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणलेलं कापड. तिथे पत्रा उघडा पडेलच कसा? मी हाच पराक्रम मॉस्किटोवर केला होता. ते तर लाकडी विमान. मित्राने शांतपणे विचारलं, "लाकूड कधीपासून चकाकायला लागलं रे?" टवके हवेत तर इंजिनच्या झाकणाच्या कडांना आणि पायलट जिथून चढतो तिथे पंखाच्या मुळाशी. तेही स्पंजच्या तुकड्याने, जवळजवळ कोरड्या.

आता काळा वॉश. मॉडेलवरची ०.२ मिमीची खाच गुणिले ७२, म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटिमीटरची फट. बोट जाईल त्यात! आणि आपण मॉडेल फूटभरावरून बघतो, म्हणजे खरं विमान बावीस मीटरवरून. तिथून पत्र्यांचे सांधे असे ठसठशीत दिसतील का? खालच्या रंगापेक्षा थोडाच गडद करडा किंवा तपकिरी वॉश घ्या, आणि पुसताना कापूस पुढून मागे ओढा, वारा वाहतो तसा. राहिलेला डागसुद्धा मग तेलाचा ओघळ वाटतो.

डीकल मॅट रंगावर लावलेत, हो ना? खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते, तीच चकाकते. आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश, मग डीकल, मग वॉश, मॅट (बिनचकाकीचं) वार्निश अगदी शेवटी. आता सुईच्या टोकाने बारीक भोकं पाडा, डीकल सॉफ्टनर (डीकल मऊ करणारं द्रव) सोडा, सुकू द्या. दोन-तीनदा करावं लागेल. सॉफ्टनर लावल्यावर डीकल सुरकुततो, घाबरून बोट लावू नका.

सँडपेपर: पंखाची मागची कड बघा, केवढी जाड! एक मिमी म्हणजे प्रत्यक्षात सात सेंटिमीटर. पुढच्या किटला पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी आतून घासा. टायरही खाली किंचित सपाट करा, विमानाला वजन आल्यासारखं वाटतं. माझ्या मते निम्मं काम तेच करतं, वॉश-बिश नंतर.

खटपट्या: निम्मं नाही हो, पण टायरचं पटलं. ते शुद्ध काळे नकोत, गडद करडे करा.

नवाभिडू: मॅट वार्निश मारायचं राहिलं होतं, वाचलो! सुईचा उपाय चालला, फक्त डाव्या पंखावरच्या गोल खुणेच्या डीकलला तीनदा करावं लागलं. मागचे टवके रंगाने झाकले, पण तेवढा चौकोन आता नवा कोरा दिसतोय.

खटपट्या: राहू द्या तो. कापड फाटलं की खऱ्या विमानालाही ठिगळ लावायचेच.